धुऱ्याच्या अलीकडे शेतकरी, पलीकडे अन्न व्यावसायिक: जैविक माल विकायला निघालेल्या नव्या शेतकऱ्यांसाठी

तुरी कापणीला आल्या की फोन सुरू होतात. “भाऊ, यंदा डाळ आपणच करून विकायची म्हणतो. लायसन लागते का?” मी उलट तीन गोष्टी विचारतो. विकणार कोण? विकणार कुठे? आणि पाकिटावर काय लिहिणार? या तिघांची उत्तरं पक्की असली की निम्मं काम झालेलं असतं. बाकीचं निम्मं वहीत असतं, तिच्याकडे पुढे येतोच.

मी वर्धा जिल्ह्यातला. आमचा अकरा जणांचा गट आहे. तूर, चना, हळद आणि थोडा भाजीपाला करतो. सुरुवातीला आम्हाला वाटायचं की आपण फवारतच नाही, तर अन्न सुरक्षा कायद्याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो उशिरा कळला की महागात पडतो. म्हणून ज्या क्रमाने कामं करायला हवीत त्या क्रमाने सांगतो.

पायरी १: कायदा तुमच्या दारात कधी येतो ते ओळखा

आपल्याकडचा कायदा म्हणजे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६. त्याचे नियम ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. देशपातळीवर तो एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, पाहते, आणि महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे ज्याला आपण एफडीए म्हणतो त्याच्याकडे आहे.

या कायद्यातलं कलम १८ चं तिसरं उपकलम प्रत्येक शेतकऱ्याने वाचून ठेवावं. शेतकरी, त्याची शेतीची कामं आणि शेताच्या पातळीवर त्याने पिकवलेला माल यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात सरळ लिहिलं आहे. तुमच्या शेतातली तूर तुमच्या हातात असेपर्यंत ती तुमची तूर. तीच तूर दुसऱ्याच्या हातात गेली की कायद्याच्या भाषेत ती ‘प्राथमिक अन्न’ होते आणि घेणारा अन्न व्यावसायिक ठरतो. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. मी नव्यांना सांगतो, कायद्याने एक अदृश्य धुरा आखला आहे, आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते आधी पाहा.

तूर पोत्यात भरून बाजार समितीत नेली, तर तुम्ही अलीकडे. तिची डाळ करून पाव-पाव किलोची पाकिटं भरली, हळकुंडं दळून पूड केली, लाकडी घाण्यावर तेल काढलं, तर तुम्ही पलीकडे गेलात. शेजाऱ्याची हळद विकत घेऊन आपल्या नावाने विकली तरी पलीकडेच. शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांचा माल घेऊन पॅक करते तेव्हा तीही अन्न व्यावसायिक असते. “आम्ही सगळे शेतकरीच आहोत” हे तिथे चालत नाही. या एका गैरसमजापायी मी चांगल्या गटांना दंड भरताना पाहिलं आहे.

पायरी २: नोंदणी करून टाका

ही पायरी लोक उगाच घाबरून लांबवतात. २०११ च्या नियमांनी लहान व्यावसायिकासाठी वर्षाला १२ लाख रुपयांच्या उलाढालीची रेघ मारली. तिच्या आत असलेल्याला परवाना नको, फक्त नोंदणी, आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये. रेघेच्या वर राज्याचा परवाना. अर्ज एफएसएसएआयच्या फॉस्कॉस या संकेतस्थळावर होतो. या मर्यादा बदलत असतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी तिथली ताजी मर्यादा वाचूनच प्रकार निवडा. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढ्यावर काम होतं. एजंटला हजारो रुपये देऊ नका. दहावी-बारावीतली पोरगी मोबाईलवरून हा अर्ज भरू शकते, आमच्याकडे तसाच भरला.

एक काळजी घ्या. अर्जात व्यवसायाचा प्रकार नीट निवडा. नुसतं पॅकिंग करणारा, दळणारा आणि किरकोळ विकणारा हे वेगवेगळे प्रकार आहेत. डाळ गिरणीवरून करून आणता आणि घरी पाकिटं भरता, तर ज्या गिरणीवर डाळ होते तिच्याकडेही नोंदणी आहे ना, ते विचारा. तिच्याकडे नसेल तर साखळी तिथेच तुटते.

पायरी ३: ‘जैविक’ हा शब्द वापरण्याआधी थांबा

खरी गुंतागुंत इथे आहे. कायद्याच्या कलम २२ मध्ये जैविक अन्नाचा वेगळा उल्लेख आहे, आणि २०१७ च्या अखेरीस त्यावर स्वतंत्र विनियम आले, जैविक अन्नाबद्दलचे. त्यांची अंमलबजावणी १ जुलै २०१८ पासून. तेव्हापासून ‘जैविक’, ‘सेंद्रिय’, ‘ऑरगॅनिक’ हे शब्द पाकिटावर लिहायचे तर मागे प्रमाणीकरण लागतं. शब्द मराठीत लिहिला म्हणून सुटका होत नाही.

प्रमाणीकरणाच्या दोन वाटा आहेत. पहिली एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय जैविक उत्पादन कार्यक्रम. तो अपेडा ही शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणारी केंद्राची संस्था चालवते, तपासणी बाहेरची प्रमाणन संस्था करते, आणि निर्यात करायची तर ही वाट घ्यावीच लागते. हंगामी पिकांना २४ महिने आणि बारमाही पिकांना ३६ महिने रूपांतराचा, म्हणजे रासायनिक शेतीतून जैविककडे येण्याचा, काळ धरतात. दुसरी वाट पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागी हमी पद्धत. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट होतो, एकमेकांच्या शेताची तपासणी आपणच करतो, प्रतिज्ञा घेतो, बैठकांची नोंद ठेवतो, आणि वर एक विभागीय परिषद असते. खर्च नगण्य. देशातल्या बाजारासाठी ही वाट पुरेशी आहे आणि नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पैसे वाचतात हे खरं, पण मोठा फायदा वेगळा आहे: दुसऱ्याचं शेत तपासताना माणूस स्वतःचं शेत बघायला शिकतो.

पीजीएसमध्ये दोन खुणा मिळतात. रूपांतराच्या काळात ‘ग्रीन’, पूर्ण झाल्यावर ‘ऑरगॅनिक’. ग्रीन खुणेचा माल जैविक म्हणून विकू नका. नवे लोक इथेच चुकतात, घाईने चुकतात. विदर्भातल्या गटांनी डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशनकडे (पूर्वीचं जैविक शेती मिशन) विचारणा करावी. त्याचं मुख्यालय अकोल्याला आहे आणि गट बांधायला त्याची मदत होते.

नियमात लहान शेतकऱ्याला एक सूट आहे. लहान मूळ उत्पादक किंवा त्यांची संघटना थेट खाणाऱ्याला विकत असेल, तर प्रमाणीकरणाची सक्ती नाही. मात्र ‘जैविक भारत’ ही प्रमाणित जैविक मालाची सरकारी खूण लावता येत नाही. शनिवारच्या बाजारात पालक-मेथीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या मावशींसाठी ही सूट योग्यच आहे. पण माल दुकानात ठेवला की सूट संपते. आज थेट विकणारा उद्या शहरातल्या एका दुकानदाराला दहा किलो देतो आणि त्याला कळतही नाही की आपण रेघ ओलांडली. म्हणून सूट घ्या, पण गटाची कागदपत्रं आजच सुरू करा.

आणि ‘विषमुक्त’, ‘नैसर्गिक’, ‘१०० टक्के शुद्ध’ असे शब्द? दाव्यांबद्दलचे २०१८ चे वेगळे विनियम आहेत आणि ‘नॅचरल’सारख्या शब्दावर त्यांत अटी आहेत. शंभर टक्क्यांचा दावा पाकिटावरून काढा असं एफएसएसएआयने २०२५ मध्ये बजावलंही आहे. मला ‘विषमुक्त’ हा शब्द मनापासून आवडतो, सभेत मी तो वापरतो. पाकिटावर नाही वापरत. तिथे प्रत्येक शब्द प्रयोगशाळेत सिद्ध करावा लागू शकतो.

पायरी ४: पाच टक्क्यांचा नियम, आणि शेजाऱ्याची फवारणी

जैविक शेतकऱ्यावर या कायद्याचा सगळ्यांत खोल परिणाम कुठे होत असेल तर इथे. साध्या धान्यात प्रत्येक औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा ठरलेली असते. जैविक म्हणून विकलेल्या मालाला त्या मर्यादेच्या फक्त ५ टक्के, किंवा प्रयोगशाळा खात्रीने मोजू शकते ती किमान पातळी, यांतलं जे जास्त असेल तेवढंच चालतं.

आकड्यात पाहू. एखाद्या औषधाची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम असेल तर जैविक मालाला ०.०२५. मर्यादा ०.१ असेल तर ५ टक्के होतात ०.००५, पण मोजण्याची खात्रीची पातळी बहुधा ०.०१ असते, म्हणून तिथे ०.०१ धरतात. म्हणजे अंश इतका बारीक की तुम्ही हात न लावताही तो मालात येऊ शकतो. शेजाऱ्याच्या कपाशीवरून वाऱ्याने येतो, वरच्या शेतातून वाहत्या पाण्याने येतो, मळणीयंत्रातून येतो.

आमच्याकडे तो बारदानातून आला. एका वर्षी चन्याचा नमुना आम्ही स्वतःहून तपासायला दिला. अहवालात एका बुरशीनाशकाचा अंश निघाला. गटात कोणीच ते वापरलेलं नव्हतं. दोन दिवस एकमेकांकडे संशयाने बघण्यात गेले, आणि ते दिवस फार वाईट होते. मग आमच्यातल्या एका काकूंनी रिकामं पोतं उलटं केलं, शिवण उसवली आणि उजेडात धरली. शिवणीच्या आत, सुतळीच्या पिळात, गुलाबी-लाल भुकटी बसलेली. बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याला जो रंग लावतात तोच. पोती स्वस्तात मिळाली म्हणून कोणीतरी बियाण्याची जुनी पोती आणली होती. धुवून वाळवली होती, पण शिवणीत रंग राहिला होता. तो सगळा चना आम्ही साधा चना म्हणून विकला. तेव्हापासून गटात पोतं येतं तेव्हा आधी ते उलटं होतं आणि शिवण तपासली जाते.

या पायरीवर करायची कामं ही:

धुऱ्यालगत मोकळा किंवा वेगळ्या पिकाचा पट्टा सोडा. आम्ही शेवरी आणि गिरिपुष्प लावतो. उंच, दाट, आणि पाला खतालाही येतो. या पट्ट्यातलं पीक वेगळं कापा, वेगळं ठेवा आणि साधा माल म्हणून विका. दोन क्विंटल कमी भावात जातील, पण बाकीचे वीस वाचतील.

मळणीयंत्र भाड्याचं असेल तर पहिलं पोतंभर धान्य बाजूला काढा. त्या धान्याने यंत्र धुतलं असं समजा आणि ते जैविक मालात मिसळू नका.

शेजाऱ्याशी बोला. भांडू नका, बोला. फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करशील का, एवढंच मागा. माझ्या शेजाऱ्याने सुरुवातीला हसण्यावारी नेलं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली, त्यानंतर तो स्वतः येऊन बसला आणि वारा कुठल्या दिशेने असताना फवारू नये ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. अन्न सुरक्षा कायदा खाणाऱ्याची काळजी घेतो. फवारणाऱ्या मजुराबद्दल त्यात काही नाही. ती काळजी आपण शेजाऱ्यांनीच घ्यायची असते.

आणि वही. कुठल्या तुकड्यात काय पेरलं, बियाणं कुठून, कुठलं खत कधी टाकलं, शेजाऱ्याने कधी फवारलं, कापणी कधी, कुठल्या पोत्यात भरलं, कोणाला दिलं. रोजच्या दोन ओळी. मला या नियमाबद्दल एक खंत आहे आणि ती मी उघड बोलतो: ज्याने फवारलं त्याला वही लागत नाही, ज्याने नाही फवारलं त्याला लागते. वाऱ्याने आलेल्या अंशाचा भार पूर्णपणे जैविक शेतकऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे आणि त्यात बदल व्हायला हवा. तो होईपर्यंत वही हाच आपला साक्षीदार.

विकण्याआधी एक नमुना स्वतः तपासून घ्या. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली, एफएसएसएआयच्या यादीतली प्रयोगशाळा निवडा. दहा पोत्यांतून वरून, मधून, खालून थोडं थोडं काढून एकत्र करा. एकाच पोत्यातली ओंजळ म्हणजे नमुना नव्हे. खर्च काही हजारांत जातो, म्हणून गटाने मिळून करावा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली तेव्हा बागाईतदारांचं काय झालं ते नाशिक-सांगलीकडे कोणालाही विचारा. माल निघून गेल्यावर आलेला अहवाल फार महाग असतो.

पायरी ५: जैविक असलं तरी बुरशी सोडत नाही

प्रमाणपत्र आहे म्हणून बाकीच्या मानकांतून सूट मिळत नाही. धान्य-कडधान्यात अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, आणि ती जैविक मालालाही तेवढीच लागू. उलट आपल्याला जास्त जपावं लागतं, कारण साठवणीत कीड मारायला सेल्फॉसच्या गोळ्या आपण टाकत नाही, आणि किडलेल्या दाण्याला बुरशी लवकर धरते. तूर दाताखाली कट्कन फुटली पाहिजे. चपटी झाली तर अजून दोन उन्हं द्या. पोती भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या घाला. हवाबंद पिशव्या मिळाल्या तर उत्तम.

भाजीपाल्यावाल्यांनी शेणाकडे नीट बघावं. जीवामृताची सुभाष पाळेकरांची पद्धत आपल्या सगळ्यांना पाठ आहे: १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर माती, २०० लिटर पाणी. जमिनीला ते उत्तम. पण उभ्या पालकावर, कोथिंबिरीवर आज शिंपडून उद्या जुडी बांधायची, हे मला मान्य नाही. कच्च्या शेणात पोटाला बाधणारे जिवाणू असू शकतात, आणि कोथिंबीर लोक कच्ची खातात. अमेरिकेच्या जैविक नियमांत कच्चं शेणखत आणि कापणी यांत मातीला टेकणाऱ्या भाज्यांसाठी १२० दिवस आणि बाकीच्यांसाठी ९० दिवसांचं अंतर सांगितलं आहे. आपण निदान एवढं तरी पाळावं: खायच्या पानांवर जीवामृत नको, ते मुळाशी, शेणखत पूर्ण कुजलेलंच, जुड्या धुवायला विहिरीचं स्वच्छ पाणी, नाल्याचं नाही.

गूळवाल्यांना एकच सांगणं. रंग उजळायला हायड्रोस हे रसायन जैविक गुळात चालत नाही. भेंडीच्या चिकाने मळी काढा, गूळ काळपट आला तर तसाच विका. आंबावाल्यांनी कार्बाइडला हात लावू नये, ते सगळ्यांनाच बंद आहे. खाद्यतेल सुटं विकता येत नाही, म्हणून घाण्याचं तेल बाटलीत, सील आणि लेबल लावूनच द्या.

पायरी ६: पाकिटावर काय हवं

पदार्थाचं नाव, घटक, शाकाहारी असल्याची हिरवी खूण, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि वापराची अंतिम तारीख, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन. प्रमाणित असेल तर जैविक भारतची खूण, सोबत तुमच्या वाटेप्रमाणे पीजीएस किंवा एनपीओपीची. वजन आणि किंमत वैधमापन शास्त्राच्या नियमांत येतात, म्हणून काटा दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्या.

बॅच क्रमांक कसा द्यायचा ते आमचं सांगतो. तुकड्याचं नाव, कापणीचा महिना, पोत्याचा क्रमांक. ‘विहीर-०१-०७’ म्हणजे विहिरीजवळचा तुकडा, जानेवारी, सातवं पोतं. पुण्याहून एका ताईंचा फोन आला की डाळीत किडे निघाले. क्रमांक विचारला, वही उघडली, पाच मिनिटांत कळलं की ते पोतं शेवटी भरलं होतं आणि त्या संध्याकाळी आभाळ आलं होतं. त्या पोत्यातली उरलेली पाकिटं परत मागवली. ताई अजून आमच्याचकडून डाळ घेतात.

चुकीच्या लेबलाला ३ लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. व्हॉट्सॲपवर फिरवलेलं तुमचं पोस्टरही जाहिरातच असतं, “आमच्या हळदीने मधुमेह बरा होतो” असलं काही त्यावर लिहू नका.

पायरी ७: अन्न सुरक्षा अधिकारी आले तर

घाबरू नका, ओळखपत्र बघा, पाणी द्या, वही समोर ठेवा. नमुना घेताना त्याचे चार भाग करतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि चौथा भाग तुम्ही मागितलात तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. हे तुम्ही मागितलं तरच होतं, म्हणून तिथेच, त्याच वेळी, लेखी मागा. खर्च तुमचा, पण दोन अहवालांत फरक पडला तर प्रकरण संदर्भ प्रयोगशाळेकडे जातं आणि तिचा निर्णय अंतिम असतो. जैविक मालाच्या बाबतीत ०.०१ आणि ०.०२ मधल्या फरकावर सगळं ठरत असतं, तेव्हा हा चौथा भाग सोडू नका.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. पाकिटाचा बॅच क्रमांक त्यात बरोबर उतरवला आहे का बघा, आणि त्याच बॅचची दोन पाकिटं सीलसकट आपल्याकडे बाजूला ठेवा. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं, आणि ते अहवाल तुमच्या हातात आल्याच्या तारखेपासून मोजतात. पोस्टमनकडून लिफाफा घेतला की त्याच्यावर तारीख लिहा, लिफाफा फेकू नका, वहीतच टाचून ठेवा.